चेअरमनचा तेरावा

१

लक्ष्मणरावांच्या बंगल्यातला कुत्रा नाहीसा झाला, त्याच सकाळी त्यांच्या बायकोच्या मोबाईलवर कुणा अनोळखी बाईचा आवाज आला. कुत्र्याबद्दल घरात सगळे मोठमोठ्यानं बोलत होते. आवाजाबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

दिपाली खळदकर दुपारी निघोज्यात पोचली, तेव्हा कुत्रा तिला नाक्यावरच भेटला. फ्लेक्सवर. सुलतान, फ्रेंच बुलडॉग, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात सोन्याचा गोफ, वर 'निघोज्याची शान'. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते. त्यांतल्या बहुतेकांनीही गॉगल लावले होते, त्यामुळे वाढदिवस नेमका कुणाचा ते चटकन कळत नव्हतं.

दिपालीचं चिंचवडला लग्नापूर्वीच्या चौकशीचं ऑफिस होतं. मुलगा खरंच इंजिनिअर आहे का, संध्याकाळी कुठं बसतो, घराण्यात काही लपवलंय का, हे शोधून ती मुलीकडच्यांना लेखी कळवत असे. कुत्रा तिनं आजवर शोधला नव्हता. तिला बोलावणाऱ्या मोनिकाला, म्हणजे लक्ष्मणरावांच्या सुनेला, या दोन कामांत फारसा फरक वाटत नव्हता.

"माझ्या लग्नाच्या वेळी या घराची चौकशी तुम्हीच केली होती," फाटक उघडता उघडता मोनिका म्हणाली. "रिपोर्ट चांगला दिला होता."

दिपालीनं फाटकाच्या रंगाचं कौतुक केलं.

फाटकाजवळच्या खोलीच्या पायरीवर वॉचमन ज्योतीराम बसला होता. धाराशिवकडचा, पन्नाशीचा माणूस. खोलीत त्याची बायको कपड्यांची बोचकी बांधत होती.

"हे सहा वाजता ज्योतीरामला पोलीस चौकीवर नेणार आहेत," मोनिका हळूच म्हणाली. 'हे' म्हणजे तिचा नवरा रणजीत. "म्हणे यानंच काठी घालून सुलतानची पाठ मोडली, आणि पकडला जाईल म्हणून त्याला गायब केला. चौकीतले लोक यांच्या ओळखीचे आहेत. ओळखीतल्या माणसाला ते निराश करत नाहीत. त्याच्या आत शोधा ताई."

"आणि तो आवाज?"

मोनिकानं सासूचा फोन पदराआडून काढला आणि सकाळी आलेला व्हॉइस मेसेज लावला. सुरुवात कापली गेली होती. मग एक तरुण, सपाट, कंटाळलेला आवाज आला:

"...चेअरमनचा तेरावा अर्धाच झालाय. आधीचे बारा व्यवस्थित आहेत. तेराव्याची एक बाजू भरलीच नाही, म्हणून पुढचं सगळं वाकडं गेलंय. त्याला जिना चढू देऊ नका. उडी मारू देऊ नका. पाय ओढायला लागलाय म्हणजे आता वेळ थोडा आहे. लगेच घेऊन या."

लक्ष्मणराव कितीतरी वर्षं गावच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन होते. अजूनही अख्खं गाव त्यांना चेअरमनच म्हणायचं.

दिपालीनं आपल्या मोबाईलवरून त्या नंबरावर फोन लावला. बंद होता.

"यांनी सकाळी लावला होता," मोनिका म्हणाली. "समोरचा काही बोलायच्या आत यांनी त्याच्या सगळ्या घराण्याची आठवण काढली. मग समोरच्यानं यांचा नंबर ब्लॉक केला."

तेवढ्यात बंगल्याच्या मागून आवाज आला. खर्र... खर्र... कुणीतरी सिमेंटवरून सावकाश पाय ओढत चालल्यासारखा. मोनिकाच्या हातातला फोन खाली पडला.

"मागं कोण राहतं?"

"मागं बंद कंपनीची शेड आहे," मोनिका म्हणाली. "तिथं कुणीच राहत नाही."

२

रणजीत हॉलमध्ये सुलतानची कागदपत्रं मांडून बसला होता. कुत्र्याचे आईबाप, आजे-पणजे, सगळे छापील होते. रणजीतला स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवलं नसतं.

"शेपूट बघा मॅडम." त्यानं फोटो पुढं केला. "टाईट स्क्रू, पिळाची. अशी शेपूट अख्ख्या पिंपरी-चिंचवडात नाय. रविवारी ताथवड्याच्या दादासाहेबांच्या फिमेलसोबत ठरलं होतं. मोठ्या घरचं स्थळ आहे. आता काय तोंड दाखवू मी?"

"पाठीला काय झालं होतं?"

"चांगला होता ओ. वर्षाचा झाला, आणि एकदम मागचं अंग डुगडुगायला लागलं. पाठीवर टेंगूळ. काठीचंच काम आहे ते. कुत्र्याजवळ काठी घेऊन कोण असतं? वॉचमन."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"रविवारच्या आधी? वेड लागलंय का? दवाखान्यात गेलं की गावभर होतं. दादासाहेबांच्या कानावर गेलं तर स्थळ मोडतं. घरात सगळ्यांना ताकीद दिली होती मी, डॉक्टरचं नाव काढायचं नाय."

दिपालीला हे वाक्य पाठ होतं. वीस वर्षांत तिनं ते शेकडो हॉलमध्ये ऐकलं होतं, फक्त कुत्र्याबद्दल कधी ऐकलं नव्हतं.

लक्ष्मणराव आतल्या खोलीत पलंगावर ताठ बसले होते. पायाखाली चौरंग होता. सकाळपासून त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता, न जाणो एखादी पायरी लागायची.

"आपलं नाव?" दिपालीनं सवयीनं विचारलं.

"चेअरमन," ते म्हणाले.

"नाही, म्हणजे..."

"चेअरमनच. या पट्ट्यात कुनालाबी इचारा." मग त्यांचा आवाज खाली आला. "पर ती बाई माझ्याबद्दल बोलत न्हाई. हिंदुरावबद्दल बोलतीय."

"हिंदुराव कोण?"

"माझ्या आधीचा चेअरमन. शेजारचा. त्याच्या तेराव्यालाच माझी निवड झाली. पोरांनी हलगी लावून मिरवणूक काढली आन् नेमकी त्याच्या दारावरनं नेली. पंगत बसली व्हती. अर्ध्या लोकांनी ताट सोडून माझ्या गळ्यात हार घातला." ते थांबले. "तेरावा अर्धाच राहिला त्याचा. आता मला घेऊन जायला आलाय."

"कशावरून?"

"मरायच्या आधी त्याला अर्धांग झाल्तं. ह्या मागच्या बांधावर पाय वढत फिरायचा. तुमी ऐकलं न्हाई व्हय आत्ता?"

दिपालीनं ऐकलं होतं. तिनं हातावरून पदर घेतला.

३

मंजुळाबाई देवघरात होत्या. त्यांनी दिपालीकडं न बघताच बोलायला सुरुवात केली.

"त्या कुत्र्याची चाल बघितली व्हतीस का? मागचे दोन्ही पाय वढायचं. हिंदुरावभाऊंजी जसं चालायचं तसंच, अगदी तसंच. म्या यांना म्हनलं, ह्ये जनावर नीट न्हाई. ऐकतंय कोन? मांडीवर घिऊन बसायचे. भाकरी चुरून घालायचे."

"त्यांना मायाच होती म्हणायची."

"माया? सोमवारी आळंदीला दर्शनाला जातो म्हनले, आन् त्याला रिक्षात घिऊन गेले. कुत्र्याला दर्शन. आन् आले ते कपाळ कोरडं घिऊन. बुक्का न्हाई, तुळस न्हाई, परसाद न्हाई. आळंदीला जाऊन असं कोन येतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"इचारलं. 'चेअरमनला सवाल करायचा न्हाई' म्हनले."

"मावशी, मोबाईल तुमचा आहे. ह्या बाईला तुमचा नंबर कुठून मिळाला?"

"ह्यांचा फोन माझ्याकडंच आसतो. ह्यांना दाबायला येत न्हाई. कुनी नंबर मागितला की ह्यो सांगत्यात." त्यांनी वात पुढं सारली. ज्योत दोनदा बोटाला लागली, आणि दोन्ही वेळा त्यांना ते कळलं नाही.

शेजारच्या साहेबरावांकडं तीन जेसीबी आणि एक जिम होती. हिंदुरावांचा तो थोरला मुलगा. दिपाली गेली तेव्हा तो दंडाला व्यायामाचा पट्टा बांधून बसला होता.

"बापाचा तेरावा अर्धा राहिला हे खरंय ताई. गुलाबजामचं पातेलं तसंच परत आलं होतं." तो शांतपणे म्हणाला. "पण मला राग काढायचा असता तर मी फाटकावर जेसीबी घातला असता. बाईच्या आवाजात मेसेज कशाला पाठवू? आपलं काम तोंडावर असतं."

"कुत्रा?"

"कुत्र्याशी माझं वैर नाय. भुंकत पण नव्हता बिचारा. त्या घरात आवाज नसलेला तेवढाच एक होता."

निघताना त्यानं तिला हाक मारली. "ताई. एक सांगू? आज पहाटेपासून त्या शेडमधून आवाज येतोय. माझी आई म्हणते, बाप फिरतोय. मी मानत नाय असलं काही." त्यानं पट्टा सोडला, पुन्हा बांधला. "पण मागची खिडकी मी बंद केलीय."

४

शेडचं कुलूप बाहेरून लागलेलं होतं. किल्ली ज्योतीरामकडं असायची. पण ज्योतीरामला न विचारता दिपाली मागच्या बाजूनं गेली, तिथला पत्रा उचकटलेला होता. ती वाकून आत शिरली.

उन्हाचे कवडसे वरून पडत होते. यंत्रं कधीच नेली होती, त्यांचे सिमेंटचे ओटे तेवढे उरले होते, ओळीनं, एखाद्या दफनभूमीसारखे. भिंतीवर 'सुरक्षा हीच कमाई' अशी पाटी. जमिनीवर धुळीचा जाड थर, आणि त्या धुळीत ठसे.

पुढच्या दोन पंजांचे ठसे स्वच्छ उमटले होते. मागच्या पंजांचे नव्हतेच. त्यांच्या जागी दोन रेघा होत्या, लांबच लांब, दोन ओट्यांना वळसा घालून अंधारात गेलेल्या. कुणी जड काहीतरी फरफटत नेल्यासारख्या.

खर्र... खर्र...

अंधारातून तो बाहेर आला. फ्लेक्सवरच्यापेक्षा खूपच लहान दिसत होता. पुढचं अंग रुबाबात चालत होतं, आणि मागचं अंग जणू दुसऱ्याच कुणाचं असावं, तसं मागून येत होतं. पायांची बोटं उलटी दुमडून सिमेंटवर घासत होती, नखं वरच्या बाजूनं झिजली होती. तो तिच्यापाशी आला, बसायला गेला आणि कलंडला. मग तसाच पडून तिच्याकडं बघत राहिला, त्यात आपलं काही चुकलं असं त्याला वाटत नव्हतं.

दिपालीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बरगड्या जिथं संपत होत्या तिथं कणा एकदम उंच झाला होता. जखम नव्हती. सूज नव्हती. केस कुठंही गेले नव्हते. दाबलं तरी तो ओरडला नाही. काठीचा मार इतका सभ्य नसतो.

त्याच्याजवळ पाण्याची थाळी होती, पोत्याचं अंथरूण होतं, आणि एका डब्यात दूध-भाकरी होती. झाकणावर खिळ्यानं कोरलं होतं: ज्योतीराम.

मागं पत्रा वाजला. ज्योतीराम आत आला होता. हातात काठी होती.

"बघितलं का तुमी," तो म्हणाला.

"तूच आणलास इथं?"

"व्हय."

"का?"

 काठी भिंतीला टेकवून तो खाली बसला आणि कुत्र्याचं मागचं अंग अलगद उचलून त्यानं सरळ केलं.

"ज्योतीराम, अशानं तुला सोडवता येणार नाही. कुणी सांगितलं?"

"सांगता येत न्हाई बाई. शपथ घातलीय."

"कुणाची?"

"चेअरमनची," ज्योतीराम म्हणाला. "म्या त्वांड उघडलं की म्हाताऱ्याचं बरंवाईट हुईल. मंग चौकीतच जातो की. मानूस मरन्यापरीस बरं हाय."

बाहेर रणजीतनं गाडी सुरू केली होती. सहा वाजायला अजून अवकाश होता, पण त्याला गाडी गरम करून ठेवायची सवय होती.

५

दिपालीनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. लक्ष्मणरावांना पलंगासकट आणावं लागलं. कुत्र्याला ज्योतीरामनं पोत्यावरून आणून मधोमध ठेवलं. रणजीत झेपावला, तेव्हा मोनिकानं त्याचा दंड धरला.

"आधी आवाजाचं बघू," दिपाली म्हणाली. "सकाळपासून सगळ्यांनी त्यातले दोनच शब्द ऐकले, चेअरमन आणि तेरावा. मी बाकीचे ऐकले. ती बाई म्हणते, 'त्याला' जिना चढू देऊ नका. या गावात चेअरमनना 'त्याला' कोण म्हणतं?"

"कुनाची बिशाद न्हाई," लक्ष्मणराव म्हणाले.

"वैरी म्हणेल. पण वैरी जिना चढू नका असं सांगत नाही, उलट लवकर चढा म्हणतो. भुताला तर जिन्याची अडचणच नसते. जपून ठेवा, उड्या मारू देऊ नका, असं आपण कुणाबद्दल सांगतो? लहान मुलाबद्दल. नाहीतर जनावराबद्दल. या घरात पाय ओढणारं जनावर एकच आहे."

"पण त्याचं नाव सुलतान आहे," रणजीत म्हणाला.

"या घरात सुलतान. दुसरीकडं कुठं वेगळं असेल तर? सोमवारी एक माणूस कुत्र्याला घेऊन आळंदीला गेला आणि कोरड्या कपाळानं परत आला. आळंदीला तो गेलाच नव्हता. पण ज्या घरात डॉक्टरचं नाव काढायची बंदी, तिथं आळंदीशिवाय दुसरं काय सांगणार? चेअरमनसाहेब, दवाखान्यात पोरीनं तुम्हाला काय विचारलं?"

लक्ष्मणरावांनी छताकडं पाहिलं. "नाव काय, म्हनली."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"चेअरमन."

"तिनं कुत्र्याचं विचारलं होतं."

 मोनिकानं तोंडावर हात घेतला. ती हसत होती की आणखी काही, ते कळायला मार्ग नव्हता.

त्या नंबरावर दिपालीनं पुन्हा फोन लावला आणि स्पीकर चालू केला. संध्याकाळचा दवाखाना उघडला होता.

"बोला, पेशंटचं नाव?" तोच कंटाळलेला आवाज.

"चेअरमन," दिपाली म्हणाली.

"अहो, कुठं आहात तुम्ही? अपेक्षा बोलतेय, ताथवड्याच्या दवाखान्यातून. सकाळी डॉक्टरांनी सोमवारचा एक्स-रे बघितला आणि लगेच मेसेज केला मी. वर कुणीतरी शिव्या घातल्या. थांबा, डॉक्टरांना देते."

डॉक्टरीणबाई घाईत होत्या, पण नीट बोलल्या. कुत्र्याच्या छातीला मणके तेरा असतात. याचा तेरावा आईच्या पोटातच अर्धा घडलाय. एका बाजूचं हाड बनलंच नाही, त्यामुळे तो पाचरीसारखा बसलाय आणि कणा तिथं वाकलाय. लहानपणी कळत नाही. अंग भरलं की आतली नस दाबली जाते आणि मागचे पाय जातात. मार लागलेला नाही, कुठंही मोडलेलं नाही, जन्माचंच आहे. आजच्या आज आणलं तर ऑपरेशनचा विचार करता येईल. चालेल की नाही, शब्द देत नाही.

"या जातीत असतं हे," त्या म्हणाल्या. "ती शेपूट बघा. लोक स्क्रू म्हणून मिरवतात ना, तेही वाकडे मणकेच आहेत. शेपटीत असले की बक्षीस मिळतं, पाठीत असले की माझ्याकडं येतात. आणि ह्याची पिल्लं घेऊ नका. पुढच्यांत उतरतं."

रणजीतनं समोरच्या कागदावरचे आजे-पणजे एकेक करून पालथे घातले.

"म्हणजे काठी नव्हती," दिपाली म्हणाली. "उरलं कुत्रं लपवणं. ज्योतीरामनं त्याला शेडमध्ये ठेवलं. दूध-भाकरी दिली, अंथरूण दिलं. चोर असं करत नाही. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, याला दूर नेऊन सोड. त्याच्यानं ते झालं नाही, म्हणून त्यानं जवळच ठेवलं. कुणी सांगितलं ते तो बोलणार नाही. शपथ आहे."

  रणजीत उठून उभा राहिला. "शपथबिपथ चौकीत बघू. चल रे."

ज्योतीराम उठला. त्यानं टोपी सारखी केली.

"बस खाली," मंजुळाबाई म्हणाल्या. रणजीतला म्हणाल्या की ज्योतीरामला, ते आधी कुणाला कळलं नाही. "म्या सांगितलं. काल त्यो त्या चालीनं माझ्या म्होरनं गेला आन् माझ्याकडं वळून बघितलं, भाऊंजी बघायचं तसं. म्या म्हनलं, ह्यो यांना न्यायला आलाय. पहाटं आळंदीला घाटावर सोडून ये म्हनलं ज्योतीरामला. सकाळी त्यो मेसेज आला, मंग तर खात्रीच पटली. त्याला चौकीत न्यायचा आसंल तर आधी मला गाडीत बसव."

लक्ष्मणराव पलंगावरून उतरले. पाय जमिनीला लावले, आणि बायकोकडं न बघता कुत्र्याशेजारी जाऊन बसले.

६

दवाखान्यापर्यंत कुत्र्याला सरळ धरून ठेवायला माणूस हवा होता. रणजीतनं उचलायचा प्रयत्न केला, तर तो अंग आवळून थरथरायला लागला. ज्योतीरामनं हात घातल्यावर सैल पडला.

"चला," रणजीत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ज्योतीरामला अहो-जाहो केलं, आणि मग तोंड फिरवून किल्ली शोधू लागला, जी त्याच्या हातातच होती.

ज्योतीराम मागच्या सीटवर बसला, मांडीवर पोतं, पोत्यावर कुत्रा. शेजारी दिपाली. फाटकाजवळच्या खोलीच्या दारात त्याची बायको उभी होती. बोचकी तिनं अजून सोडली नव्हती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सहा वाजले होते, गाडी निघाली होती आणि नवरा गाडीत होता. तिला दिसलं ते एवढंच. दिपालीनं काच खाली करून हात हलवला, पण त्या बाईनं पदर तोंडात घेतला होता आणि ती गाडीकडं बघतच नव्हती.

"वैनीला फोन कर," दिपाली म्हणाली.

"करतो की." पण ज्योतीरामनं हात सोडले नाहीत. एक हात कुत्र्याच्या छातीखाली होता, दुसरा त्या उंचवट्याच्या मागं, आणि खड्डा आला की तो श्वास धरायचा.

चाकणच्या बाजूनं ट्रक येत होते. शिफ्ट सुटली होती, बसमधून गणवेशातली माणसं पेंगत चालली होती. पुढं चौकीचं वळण होतं. तिथं गाडी हळू झाली. समोर टेम्पो आडवा आला होता, म्हणून झाली असेल.  इंडिकेटर टिकटिक करत होता, कुठल्या बाजूचा ते मागून दिसत नव्हतं.

दिपालीनं ज्योतीरामकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटले होते. ओठ हलत होते. हात मात्र होते तिथंच होते.

टेम्पो हलला. गाडी वळली नाही, सरळ पुढं गेली. चौकी मागं पडली, तिच्यापुढचं रसवंतीगृह गेलं, टायरवाला गेला.

"गेली बरं का," दिपाली म्हणाली.

"व्हय," ज्योतीराम म्हणाला. त्यानं डोळे उघडले नाहीत. "ताथवडं आल्यावर सांगा."